सुधारणेची कारणे

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून शिड्यांचा कारखाना मी चालवते आहे.

धाकट्या भावाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्याला तीन महिने घरी बसवले आहे. जिने चढायचे नाहीत, चिडायचे नाही, कामाचे फोन करायचे नाहीत. भावजय म्हणाली, “वन्सं, आता तुम्हीच बघा.” माझ्याशिवाय बघणारे कोणी नव्हते, हे मलाही दिसत होते. माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदवी आहे, जुनी असली तरी पहिल्या वर्गाची. विमा कंपनीच्या दावे विभागात मी आयुष्य काढले. लोकांचे खोटे दावे नाकारणे हे माझे काम होते. ते मला जमत असे.

दुपारी बँकेचा अधिकारी येऊन गेला. तरुण आहे, नम्र आहे, मोजे दोन रंगांचे होते. त्याने सांगितले ते असे: आपला पैसा दुकानदारांकडे उधारीत अडकला आहे, गोदामात माल पडून आहे, आणि कारखाना बँकेच्या कर्जावर श्वास घेतो आहे. मार्चअखेर आकडे सुधारले नाहीत तर कर्जाची मर्यादा निम्मी होईल. निम्म्या मर्यादेत ॲल्युमिनियम येणार नाही. ॲल्युमिनियम नाही म्हणजे शिड्या नाहीत, बत्तीस माणसे घरी, आणि धाकट्याचे राहते घर बँकेच्या ताब्यात, कारण तारण तेच आहे.

अडीच महिने आहेत. पुरेत.

१३ जानेवारी, मंगळवार

कारखाना पाहिला. कापणी, छिद्रे, रिबिटे, पायांचे रबर, तपासणी. तपासणी म्हणजे मुकादम प्रत्येक शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून तीन वेळा नाचतो. यात बदल करण्यासारखे काही आढळले नाही.

मग हिशेबनिसाला विचारले, “मालक दिवसभर काय करायचे?”

“फोनवर बोलायचे, ताई.”

“कुणाशी?”

“सगळ्यांशी.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून एक जाड आवाज आला, “काय रे रेड्या, मेलास की काय?”

मी म्हणाले, “मी त्याची थोरली बहीण बोलते आहे. तो आजारी आहे. यापुढे त्याच्याशी कोणालाही बोलता येणार नाही.”

पलीकडून “अरेरे” असे ऐकू आले आणि फोन बंद झाला. हिशेबनीस म्हणाला, तो रंगवाला. रंगाचे मोठे दुकान आहे त्याचे, आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक असे बोलत असेल तर लहानांची कल्पना करवत नाही. कारखान्याची अडचण कुठे आहे ते माझ्या लक्षात आले.

१९ जानेवारी, सोमवार

तीन निर्णय घेतले.

उधारी तीस दिवसांत चुकती करावी, असे पत्र सर्व दुकानदारांना गेले. ऑर्डर यापुढे लेखी, छापील अर्जावर द्यायची. अर्जाचे गठ्ठे पत्रासोबत पाठवले. आणि कारखान्यात कामाच्या वेळी खाजगी फोन बंद. तसा फलक जिन्यापाशी लावला.

मुकादमाने फलक दोनदा वाचला आणि म्हणाला, “अक्षर छान आहे.”

२८ जानेवारी, बुधवार

छापील अर्जावर आजवर एक ऑर्डर आली. एका दुकानदाराने अर्ज कोराच परत पाठवून मागे लिहिले आहे, ‘याचे पैसे लागतात का?’

आणखी एकाने फोन करून विचारले, “घरी भेटायला आलं तर चालेल का? बसणार नाही, नुसतं बघून जाऊ.” मी सांगितले, भेटणे पूर्ण बंद आहे. तो म्हणाला, “इतकं झालंय?” मी म्हणाले, “डॉक्टरांचं तसंच मत आहे.” माणसे उगाच वेळ घेतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज चांगला दिवस. हिशेबनिसाने पाच ऑर्डरी टेबलावर ठेवल्या. छापील अर्जावर नाहीत, त्याच्या हातच्या चिठ्ठ्यांवर आहेत, पण आहेत.

“या कुठून आल्या?”

“बाजारातून, ताई.”

लेखी पद्धतीचा धाक बसला असावा. माणसे अर्ज भरायचा कंटाळा करतात, पण शिस्त लागली की हलतात. या शिस्तीला धाकट्याने आधीच हात घातला असता तर त्याच्या हृदयावर ही वेळ आली नसती.

हिशेबनिसाला मात्र समज दिली. दिवसातून चार-पाच वेळा तो फोन घेऊन जिन्यात जातो. फलकाखालीच उभा राहतो. “बायकोचा असतो,” म्हणाला. त्याच्या बायकोच्या गरजा फार दिसतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्याकडे गेले होते. चेहऱ्यावर तेज आहे. पण भावजय काळजीत आहे. मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, “वन्सं, हे सकाळी पाऊण पाऊण तास न्हाणीघरात असतात. नळ सोडून बसतात. आतून कण्हल्यासारखा आवाज येतो.”

“पोट साफ होत नसेल. पडून राहण्याने होतं. डॉक्टरांना सांग.”

“सांगितलं. त्यांनी औषध दिलं. आता तासभर लागतो.”

मी डोस वाढवून घ्यायला सांगितले.

११ फेब्रुवारी, बुधवार

वसुली सुरू झाली! पत्राचा परिणाम व्हायला तीन आठवडे लागले, पण झाला. ज्यांची उधारी वर्षभर हलली नव्हती ते स्वतः येऊन देत आहेत. आज एकाच दिवशी चौघे आले. पांढरे कपडे, चपला दाराबाहेर, मान खाली. पैसे टेबलावर ठेवून एक जण म्हणाला, “फार दिलदार माणूस, ताई.” दुसऱ्याने तर टेबलाला नमस्कार केला. मी पावत्या दिल्या.

उधारी वाढवून ठेवणाऱ्या मालकाबद्दल त्यांना आदर वाटावा हे साहजिक आहे. पैसे मात्र त्यांनी माझ्या पत्रानंतर दिले, याची नोंद असावी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बँकेचा अधिकारी आकडे पाहून खुर्चीत सरळ बसला. उधारी निम्म्याहून कमी, गोदामातला जुना माल संपत आलेला, हातात रोकड. “मॅडम, एवढ्या कमी वेळात हे कसं केलंत?”

मी म्हणाले, “पत्र लिहिलं.”

त्याने ते पत्र मागितले. इतर कर्जदारांना दाखवणार म्हणाला. आज घरी परतताना मी एक स्टॉप आधी उतरून चालत आले. मला बढती मिळाली होती त्या दिवशी असे केले होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्याकडे तमाशा झाला. भावजयीला न्हाणीघरात, टॉवेलांच्या घडीत त्याचा मोबाइल सापडला. ती रडली, ओरडली आणि फोन माहेरी भावाकडे देऊन आली. “कुणाशी बोलत होते कोण जाणे,” ती म्हणाली. या वयात तसले काही असेल असे मला वाटत नाही; क्रिकेटचे स्कोअर बघत असेल. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारले, “पोट कसं आहे?” त्याने पांघरूण डोक्यावर ओढले.

कारखान्यात सर्व ठीक.

३ मार्च, मंगळवार

आठवडाभर एकही ऑर्डर नाही. हंगाम बदलतो आहे. अशा काळात लोक शिड्या घेत नसावेत.

९ मार्च, सोमवार

अजून नाही. मी छापील अर्जांचा दुसरा गठ्ठा पाठवला, या वेळी पिवळ्या कागदावर.

हातातली कामे संपली आहेत. माणसे झाडलेले पुन्हा झाडत आहेत. मुकादमाने तयार शिड्यांवर पुन्हा एकदा नाचून घेतले. संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, “उद्या काय करायचं ताई?” मी म्हणाले, यंत्रांना तेल द्या. तो म्हणाला, “आजच दिलं.” जाताना मागे वळून म्हणाला, “मालक असते तर निदान आरडाओरडा तरी झाला असता. कारखान्यासारखं वाटलं असतं.”

हिशेबनीसही घुटमळत होता. “ताई, एक बोलायचं होतं.”

“लेखी द्या.”

तो गेला.

१० मार्च, मंगळवार

बँकेतून निरोप: आकडे उत्तम, फक्त हातातल्या ऑर्डरींची यादी जोडा.

यादी कोरी आहे. रात्री माझा डोळा लागला नाही. खात्यात एवढी रोकड या कारखान्याने कधी पाहिली नसेल, आणि बनवायला एक शिडी नाही. दावे विभागात असे प्रकरण माझ्यापुढे आले असते तर मी म्हणाले असते, हा कारखाना आवरता घेतला जातो आहे. उधारी गोळा केली, माल विकून टाकला, नवीन काही नाही. दुकान बंद करणाऱ्याचे आकडे शेवटी असेच छान दिसतात.

१३ मार्च, शुक्रवार

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमारास रंगवाला आला. अंगाने दांडगा, नखांत हिरवा रंग. दारातच हात जोडून उभा राहिला. “आम्हाला कळवलंसुद्धा नाही, ताई. पंचवीस वर्षांचा संबंध.”

“काय कळवायचं?”

“तुम्ही खंबीर आहात. पण शेवटचं तोंड तरी बघू द्यायचं होतं.”

“कुणाचं?”

“तुमच्या भावाचं.”

मी सांगितले की भाऊ आज सकाळी उपमा खारट झाला म्हणून कुरकुरत होता. रंगवाला खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच. पाणी दिले.

“मग दोन आठवडे फोन का नाही?” तो म्हणाला.

“कसला फोन?”

“रोज यायचा कुणाला ना कुणाला. दबक्या आवाजात, कुजबुजल्यासारखा. मागे सतत खळखळ. आम्हाला वाटलं ऑक्सिजनचं यंत्र. मी शिवी घातली तरी उलट शिवी नाही. नुसतं म्हणायचा, ‘पन्नास लिहू का रे?’ ताई, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? पन्नास तर पन्नास!”

मी हिशेबनिसाकडे पाहिले. तो छताकडे पाहत होता.

“आणि उधारी?”

“जाणाऱ्या माणसाचं देणं डोक्यावर ठेवतं का कोणी? मीच सगळ्यांना सांगितलं, भरून टाका, म्हणजे सुखानं जाईल.”

“माझं पत्र मिळालं होतं ना?”

“कसलं पत्र?”

इथे माझा तोल गेला. हे मी नोंदवते, कारण असे सहसा होत नाही. मी त्याला म्हणाले की जिवंत माणसाला मेलेला धरून पैसे पाठवणे हा गाढवपणा आहे. पंचवीस वर्षे शिड्या घेता आणि ऑर्डर द्यायला कोणीतरी फोन करावा लागतो? स्वतःच्या दुकानात काय आहे नि काय नाही ते डोळे उघडून बघता येत नाही? “किती शिड्या शिल्लक आहेत आत्ता?”

“दोन असतील.”

“दोन! दोन शिड्यांवर दुकान चालवता आणि तोंड वर करून मला दुखवट्याचं सांगता?”

मला वाटले तो उठून जाईल. त्याचा चेहरा उजळत चालला होता. “हां,” तो म्हणाला. “आता कसं बरं वाटलं. लिहा तीस.”

हा माणूस मला कळला नाही.

संध्याकाळी तडक धाकट्याकडे गेले. भावजयीसमोरच विचारले. त्याने आधी नाही म्हटले, मग हसला, मग छातीवर हात ठेवला. भावजय धावली. नाटक होते.

“ताई, त्यांना ऑर्डर द्यायची सवयच नाही,” तो म्हणाला. “बाबांच्या वेळेपासून आपणच विचारतो. ते शिव्या देतात, आपण देतो, मग लिहून घेतो. मागणी कोण स्वतःहून लिहितंय? मी हिशेबनिसाला कळवत होतो, तो चिठ्ठी करायचा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू फलक लावला होतास ना.”

भावजय मध्ये येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “कारखाना बुडू दे. घर जाऊ दे. आपण भाड्यानं राहू. पण हा माणूस पुन्हा फोनला हात लावणार नाही. वन्सं, तुमचं काय ते सांगा.”

धाकटा माझ्याकडे बघत होता. “रोज फक्त दहा मिनिटं, ताई. नळसुद्धा सोडणार नाही.”

मी म्हणाले, नाही. त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

१७ मार्च, मंगळवार

फोन मी करते आहे. खाजगी फोनांचा फलक काढला. त्यामागचा रंग उजळ राहिला आहे.

पहिला फोन मी नीट, सभ्य भाषेत केला. नमस्कार, ओळख, प्रकृतीची चौकशी, आवश्यकता असल्यास कळवावे. पलीकडचा घाबरून म्हणाला, “काही चुकलं का आमचं?” आणि कळवतो म्हणाला. असे पाच झाले. पाचही जण कळवणार आहेत.

सहाव्याने सांगितले की त्याच्याकडे एकही शिडी नाही, गिऱ्हाईक परत जाते, पण ‘तुमच्याकडून कोणी विचारलंच नाही’. मला खरोखर संताप आला. मी त्याला त्याच्या व्यवसायाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. बाजूला कोणालातरी तो म्हणाला, “अरे, इकडे ये, ऐक, ऐक.” मग वीस शिड्या लिहायला सांगितल्या.

दुपारपर्यंत आठ ऑर्डरी झाल्या. मी कुठलाही अभिनय करत नाही. या लोकांचा निष्काळजीपणा इतका आहे की राग आपोआप येतो. एकाने तर शिड्या नको असताना फोन केला आणि म्हणाला, “आमच्या भागीदारालाही जरा बोला.” त्यालाही बोलले. दहा शिड्या.

मुकादम दाराशी उभा राहून ऐकत होता. तो आत गेला आणि यंत्र सुरू झाले.

२५ मार्च, बुधवार

बँकेच्या अर्जात एक रकाना आहे: ‘सुधारणेची कारणे’. पुढे चार चौकटी: नेतृत्व, आर्थिक शिस्त, बाजारपेठ, इतर. मी ‘इतर’पुढे खूण करून लिहिले: ‘मालक मरणार असा समज झाल्याने उधारी वसूल झाली. ते मेले नाहीत म्हणून ऑर्डरी चालू राहिल्या.’

तासाभरात अधिकारी स्वतः आला. कोरा अर्ज सोबत होता.

“मॅडम, हे असं वर पाठवता येणार नाही.”

“चूक काय आहे?”

“चूक काहीच नाही. पण पुढच्या वर्षी उधारी कशी वसूल करणार, असं वरचे विचारतील.”

मी पेनाचे टोपण लावले.

“नेतृत्वावर खूण करा ना. सगळे करतात.”

“मी आयुष्यभर खोटे दावे नाकारले आहेत. स्वतःचा कसा मंजूर करू?”

तो कपाळ पुसत बसला. मोजे आजही वेगवेगळे होते. कर्ज मंजूर झाले नाही तर काय होईल, ते आम्हा दोघांना माहीत होते. शेवटी त्याने विचारले, “या महिन्यातल्या ऑर्डरी कोणी आणल्या?”

“मी.”

“कशा?”

“रागावून.”

“मग ते नेतृत्वच झालं, मॅडम.”

अर्जात नेतृत्वाची व्याख्या दिलेली आहे का, ते मी पाहिले. दिलेली नाही. मी खूण केली आणि पुढे लिहिले, ‘फक्त १३ मार्चपासून’. आर्थिक शिस्तीची चौकट कोरी सोडली. पत्र परत मागितले. कोणाला दाखवले असेल तर वाया गेले असेल.

३१ मार्च, मंगळवार

कर्ज मंजूर झाले, पूर्ण मर्यादेचे. तीन वाजता निरोप आला. चार वाजता रंगवाल्याला फोन केला आणि त्याच्या मागच्या तीस इतक्या लवकर संपल्या तर आधी का सांगितले नाही, म्हणून चांगला झापला. त्याने सत्तर लिहायला सांगितल्या. हिशेबनीस म्हणाला, रंगवाल्याने एका वेळी पन्नासच्या वर कधीच घेतल्या नव्हत्या. बाबांच्या वेळीही नाही.

संध्याकाळी घरी सांगायला गेले. भावजयीने मंजुरीचा कागद हातात घेतला, वाचला, कपाटात ठेवला आणि कपाटाला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “ते जागे आहेत. जास्त बोलू नका.”

धाकटा खिडकीशी आरामखुर्चीत होता. वजन उतरले आहे त्याचे. मनगटे बारीक दिसतात. कर्जाचे सांगितले. त्याने मान हलवली. ऐकल्यासारखे वाटले नाही.

“फोन तू करतेस म्हणे.”

“हो.”

“शिव्या देतेस?”

“मी शिव्या देत नाही. जे आहे ते सांगते.”

त्याने खिडकीकडे मान वळवली. “रंगवाल्यानं किती घेतल्या?”

मी चष्मा पुसला.

“चाळीस,” मी म्हणाले.

“बघ.” तो खुर्चीत जरा वर सरकून बसला. “मी त्याच्याकडून पन्नास काढायचो.”

“हो.”

“तुला ते जमायचं नाही, ताई. त्याची नस मलाच माहीत आहे.”

“नाही जमत,” मी म्हणाले. “तू बरा हो.”

भावजयीने चहा आणला. त्याने आज पूर्ण कप घेतला.